पिंजाऱ्याकडे शिकलेली अरबी

धुळ्यात मी नऊ वर्षं काढली आणि त्या नऊ वर्षांत माझ्या खोलीचं दार कुणी वाजवलं असेल तर ते दूधवाल्यानं. माझा स्वभावच तसा. संस्कृतचा मास्तर, लग्न न झालेला, आणि राग कायम नाकावर. शिक्षकांच्या खोलीत दोघं हसताना दिसले की मला वाटायचं, माझ्यावरच हसतायत. मग मी उठून रिकाम्या वर्गात जाऊन बसायचो. पहूरजवळच्या आमच्या गावी आई होती तोवर दिवाळीला, उन्हाळ्याला जात होतो. ती गेल्यावर भावाच्या घरात पाहुण्यासारखं बसणं मला जमेना. एकटं राहायची सवय होते म्हणतात. साफ खोटं! सवय बिवय काही होत नाही, तक्रार ऐकायला कुणी नसतं इतकंच.

बासष्ट-त्रेसष्ट साल असेल. थंडी पडायला लागली होती आणि माझ्या गादीतल्या कापसाचे गोळे झाले होते. गादीची वळकटी खांद्यावर टाकली आणि मोमिनांच्या मोहल्ल्यातल्या पिंजाऱ्याकडे गेलो. हातमागांची खटखट चालू होती. दुकान म्हणजे रस्त्याकडे उघडी एक खोली, आत उकिडवा बसलेला साठीचा म्हातारा, दाढीत, भुवयांत, कानांत कापूस. पिंजणाच्या तातीवर टोला हाणायचा आणि प्रत्येक टोल्याबरोबर काहीतरी पुटपुटायचा. "फअल, फअला, फअलू." टोला. "फअलत, फअलता, फअलन." टोला.

मी गादी खांद्यावरच घेऊन उभा राहिलो. रोज पन्नास पोरांकडून 'रामः रामौ रामाः' घोकून घेणाऱ्या माणसाला तिनातिनानं म्हटलेलं काहीही ऐकू आलं की कान टवकारतातच.

"चाचा, हे मधलं म्हटलंत ते दोघांसाठी आहे का?" मी विचारलं. "पहिलं एकासाठी, तिसरं पुष्कळांसाठी?"

टोला मारणारा हात वरच थांबला. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही. आमच्या संस्कृतातपण असतं. द्विवचन."

म्हाताऱ्यानं इतका वेळ गादीकडे पाहिलं होतं, आता माझ्याकडे पाहिलं. "बसा," म्हणाला. त्या दिवशी गादी काही पिंजून झाली नाही. मी चटईवर झोपलो आणि खरं सांगतो, कित्येक महिन्यांनी बरी झोप लागली.

म्हातारा तरुणपणी उत्तरेकडच्या एका मदरशात सहा वर्षं अरबी व्याकरण शिकला होता. परीक्षा तोंडावर आली असताना इकडे बाप वारला, तेव्हा परत आला आणि बापाचं पिंजण हातात घेतलं. पुढं चाळीस वर्षं त्याला त्या विद्येबद्दल कुणी एक शब्द विचारला नाही. मोहल्ल्यातली पोरं मशिदीत वाचायला शिकायची आणि मागावर बसायची. "व्याकरणानं काय सूत चढतं?" असं लोक त्याला तोंडावर म्हणायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. घरात एक विधवा धाकटी बहीण, तिला सगळी गल्ली आपा म्हणायची. म्हातारा गिऱ्हाइकांशी अहिराणी बोलायचा, आपाशी उर्दू, आणि माझ्याशी शाळेतली मराठी, अगदी 'तुम्हाला-आम्हाला' करून. हा मान मला फार आवडायचा.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज जाऊ लागलो. शाळा सुटली की तडक तिकडे. असरची, म्हणजे दिवस कलतानाची, नमाज आटोपून चाचा बसायचे, तिथपासून दिवेलागणीपर्यंत धडा. त्यांची रीत अशी की सांगायचं काही नाही, काढून घ्यायचं. एक शब्द द्यायचे आणि म्हणायचे, ह्याच वजनावर, म्हणजे ह्याच साच्यात, दुसरा करा. तीन अक्षरांचं मूळ. क, त, ब म्हणजे लिहिणं. लिहिणारा तो कातिब, लिहिलेलं ते मक्तूब, लिहायला बसतात ती जागा मकतब. "आता जुलमाची अक्षरं घ्या. करणारा कोण?" मी म्हणायचो, जालीम. "आणि ज्याच्यावर झाला तो?" मजलूम. कचेरीतला हुकूम आणि तो सोडणारा हाकीम ही सख्खी भावंडं आहेत हे मला चाळिशीला टेकल्यावर कळलं. जन्मभर दोघांना ओळखत होतो आणि नातं माहीत नव्हतं! घरी जाताना मी पाट्या वाचत, शब्द सोलत जायचो. लोक वळून बघायचे. बघेनात का.

"ह्याला कियास म्हणतात," चाचा म्हणाले. "ऐकलेल्यावरून न ऐकलेलं काढायचं. चार गोष्टी लागतात. एक जुनं, माहीत असलेलं. एक नवं, माहीत नसलेलं. दोघांत सारखं काय ते कारण. आणि मग जुन्याला जो न्याय लागला तोच नव्याला." त्यांचे जुने पंडित ह्या चार खुंट्यांवर केवढा तंबू ठोकून बसले होते! क्रियापदाचं एक रूप नामासारखं वागतं, म्हणून त्याला नामाचा मान, शेवटचे स्वर बदलायचा हक्क. उलट काही नामं दोन बाबतींत क्रियापदासारखी दिसतात, तर त्यांचे हक्क काढून घेतले. मी म्हटलं, "हा काय न्याय झाला? सारखं दिसलं म्हणून एकाला द्यायचं आणि सारखं दिसलं म्हणूनच दुसऱ्याचं काढायचं?" चाचा म्हणाले, "मास्तर, तुम्ही पंडितांशी भांडा. मी पिंजारी."

पण माझी गाडी सुसाट सुटली की ते लगाम ओढायचे. मी ऐटीत एखादा शब्द घडवून ठेवायचो, वजनाला अगदी बरोबर. ते तो दोनदा जिभेवर घोळवायचे आणि अहिराणीवर यायचे, "बठ्ठं बराबर शे. पन कोनी बोलस का तसं?" ऐकलेलं नसेल तर बाद. आणि ऐकलेलं असेल पण नियमाबाहेरचं असेल, तर ते जपून ठेवायचं, मात्र त्याच्यावर दुसरं काही उभारायचं नाही. ते म्हणायचे, "लहान पोर 'केलं'च्या ऐवजी 'करलं' म्हणतं की नाही? चुकतं कुठं? त्यानं 'मारलं', 'धरलं' ऐकलं आणि वजन लावलं. अक्कल पुरी आहे, कान अजून भरायचे आहेत."

एकदा मी विचारलं की 'त्या दोघांनी' याला रूप आहे, 'तुम्ही दोघांनी' याला आहे, मग 'आम्ही दोघांनी' याला का नाही? संस्कृतात आहे. ते दाढीतला कापूस वेचू लागले. "वजनानं करता येईल," म्हणाले. "पण ऐकलेलं नाही. अरब दोघं असले काय, दोनशे असले काय, आम्हीच म्हणतात." मला उगाचच वाईट वाटलं. चाळिशीच्या माणसाला व्याकरणातल्या गैरहजर रूपाचं वाईट वाटावं, काय म्हणावं याला!

मी त्यांना एकदा उस्ताद म्हटलं तर ते चिडले. म्हणाले, "तो शब्द फुकट मिळत नाही. व्याकरणाची किताब पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ऐकवायची. एक पान राहिलं तरी नाही. मी माझ्या उस्तादांना ऐकवली, त्यांनी त्यांच्या. परीक्षा राहिली माझी, पण किताब पुरी ऐकवून निघालो होतो. तुम्ही ऐकवाल त्या दिवशी मी उस्ताद आणि तुम्ही शागिर्द. तोवर तुम्ही मास्तर आणि मी चाचा." आणि मग अगदी हळू म्हणाले, "माझ्यामागं कोणी नाही, मास्तर. ही विद्या माझ्यापाशी आली आणि थांबली."

त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. आयुष्यात मी कुणाचा नवरा नव्हतो, कुणाचा बाप नव्हतो, भावाचा भाऊपण नावालाच. कुणाचा तरी कुणीतरी व्हायची ही एक जागा मला दिसली होती आणि ती मला हवी होती. सात वर्षं लागली. शाळा, परीक्षा, पेपर तपासणं, चाचांचा हिवाळ्यातला गाद्या-रजयांचा हंगाम, सगळं सांभाळून किताब शेवटच्या प्रकरणापर्यंत आली आणि संस्थेनं मला जळगावच्या शाळेत टाकलं. मुख्याध्यापकांशी भांडलो. हात दाखवून अवलक्षण! त्यांनी दुसऱ्याच दिवशी कार्यमुक्त केलं.

जळगावची खोली रेल्वेलाइनीजवळ होती. रावेरकडून केळीचे ट्रक यायचे, सगळ्या रस्त्याला तो पिकट वास. रविवारी अकरावीच्या पोरांचे जादा तास माझ्या गळ्यात मारले होते, त्यामुळं एरंडोल-पारोळ्यावरून एस.टी.नं धुळ्याला जाणं महिन्यातून एकदा, मग दोन महिन्यांतून एकदा असं होत गेलं. त्यावर चाचांनी तोड काढली. दर मंगळवारी त्यांचं कार्ड यायचं. त्यावर ना खुशाली, ना सलाम. उर्दू अक्षरांत एक शब्द आणि खाली 'वजन?' बस. मी त्याचं मूळ, वजन आणि कारण लिहून उलट टपाली पाठवायचो. जगातलं दुसरं कुठलंच माणूस मला पत्र लिहीत नव्हतं, तेव्हा मंगळवारी मी शाळेतून पळतच घरी यायचो.

दीड वर्ष असं चाललं. शेवटचं प्रकरण मी एकट्यानंच वाचून काढलं आणि ऐन गणपतीत त्यांना लिहिलं, "आता तुमची गरज पडली नाही. दिवाळीत येतो आणि दोन दिवसांत ऐकवून टाकतो." काय अवदसा आठवली मला! ऐकवून टाकतो म्हणे.

मंगळवारी कार्ड आलं. अक्षर वाकडंतिकडं. "फअल. इसके आगे क्या? लिख भेजो."

म्हणजे पहिलीच गर्दान. पहिल्या पानावरची 'केलं'ची चौदा रूपं, जी मी त्यांच्या दारात गादी घेऊन उभा असताना ऐकली होती.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. कारण हे त्यांनी आधी दोनदा केलं होतं. एकदा मी गिऱ्हाइकासमोर त्यांची चूक काढली होती, आणि एकदा 'मी आता कॉलेजात शिकवू शकेन' अशी फुशारकी मारली होती. दोन्ही वेळा ते शांतपणे म्हणाले होते, "पहिली गर्दान म्हणा." आणि मला भर दुकानात बिगरीतल्या पोरासारखी चौदा रूपं म्हणावी लागली होती, आणि रजई न्यायला आलेला मारवाडी दुकानदार पोट धरून हसला होता. तेव्हा मी हिशेब बांधला. जुनं माहीत होतं, नवं हातात होतं, कारण सारखंच होतं, माझा गर्व. न्यायही तोच. म्हातारा पुन्हा माझा कान पिळतोय!

मी उत्तर मराठीत लिहिलं. चाचांना मराठी वाचता येत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. ते कुणाकडून तरी दुकानात मोठ्यानं वाचून घेतील आणि लोकांसमोर खाली बघतील, फिट्टंफाट, असा माझा डाव. लिहिलं, "चौदा रूपंच विचारायची असतील तर गल्लीतली शेंबडी पोरं गोळा करा. मी दुधखुळा राहिलेलो नाही."

पुढच्या मंगळवारी कार्ड आलं. तेच शब्द. त्याच्या पुढच्या मंगळवारीही तेच. मी एकालाही उत्तर दिलं नाही. दिवाळीत गेलो नाही. सुट्टीभर खोलीत बसून राहिलो, शेजारच्यांनी दिलेला चिवडा खात आणि मनात त्यांच्याशी भांडत. मग कार्ड यायची बंद झाली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, मी आणखी महिनाभर अडून बसलो. संक्रांतीच्या आदल्या दिवशी मात्र राहवेना. पहिली एस.टी. पकडली.

दुकानाला फळी लावलेली होती. थंडीच्या दिवसांत पिंजाऱ्याचं दुकान बंद! मी मागच्या दारानं गेलो. आपानं दार उघडलं, मला ओळखलं आणि डोळ्यांना पदर लावला.

"अब आए, मास्तर?"

तिनं उंबऱ्यातच सगळं सांगितलं. पावसाळ्यापासून भाईंचं विसरणं वाढलं होतं. मशिदीतून परत येताना भलत्याच गल्लीत शिरायचे. एक दिवस पिंजताना तोंडातली गर्दान अडकली. 'फअल' म्हणायचे आणि पुढचं येईना. हात थांबला. दिवसभर पिंजण मांडीवर घेऊन बसून राहिले. किताब उघडून दिली तर त्यातलं काही लागेना. "मैं बोली, मशिदीत विचारा. तर म्हणाले, नको, लाज वाटते. मास्तर को याद है. मास्तर लिखेगा."

परीक्षा नव्हती ती. कान पिळणं नव्हतं. माणूस बुडत होता आणि ज्याच्यावर भरवसा होता त्याला हाक मारत होता, आणि मी त्याला शेंबडी पोरं गोळा करायला सांगितलं. हा घोळ दुसऱ्या कुणाकडून झालाच नसता. दुसऱ्या कुणी सरळ विचारलं असतं, "चाचा, तब्येत बरी आहे ना?" मी सात वर्षं खपून शिकलेलं सगळं त्यांच्यावरच चालवलं होतं.

चाचा आत खाटेवर बसले होते, दाढी स्वच्छ, कापसाचा एक तंतू नाही. मला फार परकं वाटलं ते. मला बघून त्यांनी अदबीनं मान हलवली, कुणाही माणसाला हलवावी तशी. त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून माझ्या त्या मराठी कार्डाचा कोपरा दिसत होता. आपा म्हणाली, "वो किसी को देते नहीं. वाचूनही घेत नाहीत कुणाकडून. आता म्हणतात ह्यात चौदाही आहेत, मास्तरांनी पाठवलेत."

मला रडू फुटलं. लाज बीज काही वाटली नाही, हमसून हमसून रडलो. चाचा काळजीनं माझ्याकडे बघत राहिले आणि आपाला म्हणाले, ह्यांना पाणी दे.

मग मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो आणि चौदा रूपं म्हटली. सावकाश, तिनातिनानं. शेवटची दोन राहतात ती वेगळी म्हटली. ते ओठ हलवत ऐकत होते. संपल्यावर मी नुसतं "कतब" म्हटलं आणि थांबलो. म्हाताऱ्यानं डोळे मिटले. "कतब, कतबा, कतबू," ते म्हणाले, "कतबत, कतबता..." आणि चौदाच्या चौदा बाहेर आली, एक अक्षर इकडचं तिकडं नाही. ऐकलेलं सगळं गेलं होतं, पण एकावरून दुसरं काढायची ती कळ आत शाबूत होती. मी अक्षरं देत गेलो, ते रूपं पाडत गेले. क, व, ल म्हणजे बोलणं, ते दिलं तर 'कवल' म्हणाले. वजनाला चोख. मी म्हटलं, "चाचा, तसं बोलत नाहीत. 'काल' म्हणतात." "असं का?" त्यांनी विचारलं, आणि त्या विचारण्यात कुतूहलाशिवाय काही नव्हतं.

त्यानंतर मी दर रविवारी गेलो. जादा तास सोडले. मुख्याध्यापकांनी मेमो दिला, तो घेतला आणि खिशात घातला. किताब पहिल्या ओळीपासून काढली आणि चाचांना ऐकवू लागलो. काही रविवारी ते रंगून ऐकायचे, मधेच "वा!" म्हणायचे, एखादी इतकी नेमकी शंका काढायचे की मला रात्रभर विचार करावा लागे. काही रविवारी मला गिऱ्हाईक समजून विचारायचे की गादी कधी पाहिजे. मी पुढं वाचत राहायचो. आपा दाराशी तांदूळ निवडत बसायची. माझा हट्टच होता. एक पान राहिलं तरी नाही, असं त्यांनीच सांगितलं होतं.

चैत्रातल्या एका रविवारी दुपारी शेवटची ओळ आली. मी वाचली, किताब मिटली आणि त्यांच्यापुढं ठेवली. आपानं निवडणं थांबवलं. ती म्हणाली, "भाई, किताब पुरी हुई."

चाचांनी किताबीवर हात ठेवला. मग माझ्याकडे वळले. "फार चांगलं वाचलं तुमी," म्हणाले. "उस्ताद कोन शे तुमना?"

ते माझ्याशी अहिराणीत बोलत होते, 'मास्तर' न म्हणता, बाजारातल्या माणसाशी बोलावं तसं. आपा काही बोलायला गेली, मी हातानं नको म्हटलं.

"आहेत इथलेच एक," मी म्हणालो.

"जिता शेत?"

"हो."

म्हातारा माझ्यावर नाराज झाला. भुवया चढल्या. "मंग आठे काय बसनात?" तो जमिनीकडे बोट करून म्हणाला. "जा ना त्यासनाकडे. म्हातारा मानूस शे, वाट देखत व्हई."

मी म्हटलं, "जातो." आणि तिथंच बसून राहिलो.